कोठीचा उपास

खारवलीच्या बायका अमावास्येला आणि पौर्णिमेला पाण्याचा थेंबही घेत नाहीत, ही गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर कौतुकानं सांगितली जायची. चतुर्थी, एकादशी सगळीकडेच असतात. पण महिन्यातून दोनदा निर्जळी उपास, आणि तोही गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी करायचा, असं दुसरीकडे कुठं ऐकलेलं नव्हतं. सोयरीक जुळवताना लोक चेष्टेनं म्हणत, "पोर खारवलीला द्यायची तर आधी घसा सुकवायची सवय लावा."

या व्रताची धुरा चांगुणाबायकडे होती. साठीला टेकलेली, अंगानं लहानखुरी, आवाज असा हलका की ऐकणाऱ्यानंच पुढं झुकावं. गावदेवीपुढं दिवा लावल्याशिवाय तिनं कधी चूल पेटवली नाही. उधाणाच्या ओढीवर डोलजाळी माशांनी भरतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेला गावातले सगळे पुरुष होड्या घेऊन खाडीच्या मुखाशी जात. तिचा एकुलता एक मुलगा सुजितही त्यांच्यातच असे. होडी परत येईपर्यंत चांगुणाबाय तोंडात पाणी घालत नसे, आणि तिच्याकडे बघून बाकीच्याही घालत नसत.

खारवलीचे संडासही तेवढेच प्रसिद्ध होते, पण त्यांचं कौतुक कुणी सांगत नसे. चांगुणाबाय सून होऊन येण्याआधीच कुठल्याशा योजनेत गावाच्या टोकाला, जाळी विणायच्या ओट्यासमोर, संडासांची रांग बांधली होती. खाली सिमेंटची टाकी आणि तिच्या पोटाशी शोषखड्डा. देशावर कुठं तरी हे चाललं असतं. इथं जमीन खणली की हातभरावर खारं पाणी. त्यात समुद्र वर्षानुवर्षं वर सरकत आलेला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला टाकी गप्प राहायची. उधाण आलं की खालचं पाणी वर चढायचं आणि टाकीतलं सगळं भांड्यातून बाहेर येऊन दारापर्यंत पसरायचं. विहीर तिथून फार लांब नव्हती.

मागच्या वर्षी चांगुणाबायच्या सुनेचं, हर्षालीचं, पहिलं बाळंतपण पुरं झालंच नाही. लघवी तुंबवून तुंबवून संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला, ताप डोक्यात चढला, बाळ गेलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, "पुढच्या वेळी भरपूर पाणी प्यायचं आणि अजिबात रोखून धरायचं नाही." हर्षालीनं मान हलवली होती. रोखायचं नाही म्हणजे जायचं कुठं, हे डॉक्टरांना विचारून काय उपयोग?

आता तिला पुन्हा सातवा महिना लागला होता. आणि गावात नव्या संडासांच्या कोठ्या आल्या होत्या.

*

कोठ्या घेऊन आलेली इंजिनीयर बाई खाडीपलीकडचीच होती. तस्नीम मुकादम. पहिल्याच दिवशी ओट्यावर मांडी घालून बसली आणि बायकांना म्हणाली, "आधी विचारा काय विचारायचं ते. मग मी सांगते."

चांगुणाबायची शेजारीण द्वारका गावातली फटकळ. तिनं सुरुवात केली. "ह्यात पण खालून वर येणार काय?"

"खाली काही नाहीच मावशी. कोठी जमिनीत नाही, चौथऱ्यावर आहे. चहूबाजूंनी बंद. जमिनीत मुरवायचं नाही म्हटल्यावर समुद्र वर चढून काय करील?"

"मग त्या सगळ्याचं होणार काय?"

तस्नीमनं पिशवीतून काळा, ओलसर भुसा काढून तळहातावर धरला. खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांच्या मुळाशी जो काळा चिखल असतो, त्यात मिठाला न बिचकणारे जिवाणू राहतात. पडलेलं पान, मेलेला मासा, सगळं ते तिथं मुकाट्यानं खाऊन संपवतात. त्यातलेच निवडून तिच्या संस्थेनं नारळाच्या काथ्याच्या भुशावर वाढवले होते. कोठीत या भुशाचा जाड थर, वरून सूर्यावर चालणारा छोटा पंखा हवा खेळवणार. जिवाणू खात असले की थर तापतो, कढत भातात बोट घालवत नाही इतका. त्या उष्णतेत रोगाचे जंतू मरतात, वास उठत नाही, आणि काही महिन्यांनी उरते ती झाडाला घालायची माती. आतली उष्णता, ओल आणि कोठीचं वजन तिच्या मोबाइलवर सारखं दिसत राहणार. दारावर एक दिवा, ठीक असेल तर हिरवा, बिनसलं तर तांबडा.

"फक्त एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "हे यंत्र नाही, जितंजागतं आहे. फिनेल, ॲसिड ओतलंत तर मरेल."

चांगुणाबायनं तो भुसा वाकून पाहिला. "म्हंजे हिला पण पोट हाय," ती हळूच म्हणाली.

"पोटच आहे, मावशी. दुसरं काही नाही."

*

अष्टमीला कोठ्या सुरू झाल्या. उरलेला अर्धा पंधरवडा गाव हवेत होतं. वास नाही, माशी नाही, पायाखाली घाण नाही. द्वारका तर म्हणाली, "माझ्या घरापेक्षा इथंच बरं वाटतं गो. निवांत." जुन्या टाकीचं तोंड फळ्या टाकून बंद केलं.

मग अमावास्या आली. दुसऱ्या दिवशी पुरुष परतले, बायकांनी पारणं केलं, आणि संध्याकाळी दारावरचा दिवा तांबडा झाला. असा वास सुटला की ओट्यावर कुणी बसेना.

तस्नीम धावत आली. कोठी धुऊन नवा थर भरला. मोबाइलवरची रेघ दाखवत ती सुजितला म्हणाली, "बघ, नेमकी उधाणाला उष्णता खाली आली. कुठून तरी खाडीचं गार पाणी आत शिरतंय." तिनं सांधे तपासले, चौथरा उंच केला, रबराच्या पट्ट्या बदलल्या. पौर्णिमेला तेच झालं. दिवसभर थर निवत गेला, दुसऱ्या दिवशी तांबडा दिवा आणि वास.

आता संस्थेच्या ऑफिसनं मुदत घातली. येत्या अमावास्येलाही कोठी बिघडली तर उचलायची. उधाणाच्या गावात ही वस्तू चालत नाही असं समजायचं आणि वाट बघणाऱ्या दुसऱ्या गावाला द्यायची.

"आणि आम्ही?" हर्षालीनं विचारलं. तिचा हात आपसूक पोटावर गेला होता.

तस्नीमला तिच्याकडे बघवेना. फळ्या टाकलेली जुनी टाकी अजून तिथंच होती.

*

तस्नीमनं पौर्णिमेच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या आणि चांगुणाबायच्या पडवीत येऊन बसली. चांगुणाबायनं तिच्यापुढं चहा ठेवला.

"मावशी, मला एक कळत नाहीये. पाणी आत शिरलं असतं तर कोठीचं वजन वाढायला हवं. खारटपणा वाढायला हवा. खारटपणा आहे तेवढाच आहे. आणि वजन दिवसभर कमीच होत गेलंय."

"म्हंजे गळतंय?"

"गळतही नाही. पंख्याच्या वाऱ्यानं ओल सुकतेय, एवढंच. आत काही शिरत नाहीये मावशी." ती थांबली. तिचं तिलाच ऐकू आल्यासारखं झालं. "आत काहीच येत नाहीये."

दारातून द्वारका डोकावली. "काय गो, सापडला काय चोर?"

"द्वारकामावशी, पौर्णिमेला संडासला कोण कोण गेलं होतं?"

"अगो बाय! आता हेही विचारायला लागली?" द्वारका खो-खो हसली. "कोण नाय गेलं. दोन-चार पोरं गेली असतील. पुरुष दर्यावर, आणि आम्हाला उपास. पोटात नाय तर जाणार कशाला?"

"पाणी पिऊन तरी..."

"पाणी पण नाय. निर्जळी अस्ते आमची. अमावास्या-पौर्णिमा दोन्ही."

तस्नीमनं कप खाली ठेवला. मग कपाळाला हात लावून ती हसायलाच लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"उपास तुमचा एकट्यांचा नाही. कोठीलाही घडतोय. दिवसभर तिला दाणा नाही, पाणी नाही; वरचा थर सुकून गार पडतो, जिवाणू झोपी जातात. आणि पारण्याच्या दिवशी तुम्ही जेवता, पुरुष परत येतात, सगळं गाव एकदम! अर्धमेल्या पोटात पंगत वाढल्यासारखं. ते पचवणार कोण? सडतं. मी मात्र पंधरवडाभर समुद्राला दोष देत बसले."

"मग वरून पाणी शिंपडू ना," द्वारका म्हणाली.

"ओल राहील, खाणं कुठून येईल? उपासाच्या दिवशी पंखा आपोआप मंद व्हावा, अशी सोय करता येईल. पण तिला पावसाळा उलटेल. ऑफिस तेवढं थांबत नाही."

चांगुणाबाय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तस्नीमनं ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, मी रोजे धरते. धरलेला रोजा सोड, असं कुणी मला सांगितलं तर मला लागेल. म्हणून मी तुम्हाला काही सांगत नाही. काय होतं तेवढं फक्त तुमच्यापुढं ठेवलं."

*

ती गेल्यावर चांगुणाबाय बराच वेळ तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

"आय," हर्षाली म्हणाली, "एक बोलू? रागवू नका."

"तुझ्यावर कधी रागावली गो?"

"तुम्ही मला उपासाची सूट दिलीत. पोटुशीनं उपास करायचा नसतो म्हणालात. मी खाते. पण त्या दिवशी पाणी नाही पीत."

चांगुणाबायचा हात ताटातच थांबला. "का?"

"प्यायलं तर जावं लागतं. समोर ओट्यावर सगळ्या बसलेल्या असतात. दार वाजलं की माना वळतात. मागच्या पौर्णिमेला द्वारकामावशी म्हणाल्या, 'आली गो आमची सुटीवाली.' हसूनच म्हणाल्या. पण मी तशीच माघारी आले आणि संध्याकाळपर्यंत रोखून धरलं."

"डाक्तरनं सांगितलं होतं ना तुला!"

"सांगितलं होतं."

मागच्या वर्षीचा तो ताप, ते दवाखान्याचं बाकडं, दोघींनाही एकाच वेळी आठवलं.

चांगुणाबायला मग आणखी मागचं आठवलं. लग्नानंतरची तिची पहिली अमावास्या. भांड्यातून वर आलेलं ते पाणी बघून ती रडायला लागली होती. सासूनं तिला जवळ ओढून सांगितलं होतं, "आज टाकी वर येते, बाय. आज पोटाला गाठ मारायची. आणि देवीसाठी मारत्ये असं मनात म्हण. म्हंजे जड जात नाय."

म्हणजे आधी टाकी होती, मग देवी आली. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत तो उपास तिचा स्वतःचा झाला होता. घरातल्या सगळ्यांची सगळी कामं उरकून ती एक दिवस फक्त देवीची असायची. सुजितची होडी नजरेआड झाली की पोटातली ती कोरडी ओढच तिला दोरीसारखी वाटायची. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या होडीला. ती दोरी सोडायची? आणि सोडली, आणि काही झालं तर?

पहाटे ती देवळात गेली. दिवा लावला. रोज ती काही ना काही मागायची. आज हात जोडून नुसती उभी राहिली. मग एका श्वासात म्हणाली, "आई, आमची अडचण आम्ही तुझ्या नावावर ठेवली होती. तू ती व्रतासारखी सांभाळलीस, आमची लाज राखलीस. आता अडचण सरली. रागवू नको."

दिवा शांत जळत होता. देवीच्या तोंडावर रोजचाच शेंदूर होता, रोजचेच मोठे डोळे. पण चांगुणाबायला वाटलं, कितीतरी वर्षांनी आपण आईशी खरं बोललो. छातीवरचा भार उतरल्यासारखी ती पायरीवर बसली, आणि पुढं काय करायचं ते तिला तिथंच सुचलं.

*

"उद्यापन?" द्वारकाचा आवाज ओटाभर घुमला. "ह्या व्रताला कसलं गो उद्यापन? सासूनं दिलं, आपण सुनेला द्यायचं."

"सोळा सोमवाराला उद्यापन अस्तं. मंगळागौरीला अस्तं. मग आपल्यालाच का नको?" चांगुणाबाय नेहमीच्याच हलक्या आवाजात बोलत होती, त्यामुळे सगळ्या पुढं झुकल्या होत्या. "तोडायचं म्हणत नाय मी. पुरं करायचं. ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा, सवाष्णींना जेवू घालायचं. अमावास्येलाच."

"आणि होड्या? होड्यांना काय झालं तर?"

हाच प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता.

"द्वारके, तुझे दोघे पनवेलला नोकरीत हायेत. माझा एकच पोर हाय तो त्या होडीत हाय," चांगुणाबाय म्हणाली. "भ्या काय मला नाय? पण मी उपाशी राह्यले म्हणून देवी त्याला सांभाळते, आणि सून आतल्या आत सडली तर तिला चालतं, अशी देवी मला नको. आपली देवी तशी नाय."

द्वारकाची नजर हर्षालीकडे गेली. "मी आपली चेष्टा केली होती गो पोरी," ती पुटपुटली.

वैशाखातली अमावास्या होती ती. पुरुष भल्या सकाळी दर्यावर गेले. बायकांनी देवीची ओटी भरली, आणि मग ओट्यावर पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, नारळीभात, सोलकढीचं भलंमोठं पातेलं, आणि वर कलिंगडाच्या फोडी. पहिला पाण्याचा पेला चांगुणाबायनं देवीला दाखवला आणि तोंडाला लावला. अमावास्येच्या पाण्याची चव ती विसरूनच गेली होती. पेला रिकामा होईपर्यंत सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मग कुणीतरी सोलकढीची वाटी उचलली, आणि एकदम गलका झाला.

तस्नीमला सगळ्यांत आधी वाढलं. ती खात होती, पण लक्ष मोबाइलवर.

जेवणं झाली. पानं उचलली. बायका ओट्यावरच टेकल्या. वेळ जात राहिला. कुणी मांडी बदलत होती, कुणी उगाच जाळ्याची गाठ सोडवत होती. उठेना मात्र कुणी. समोर दारांची रांग, सगळ्यांची तोंडं तिकडे. अमावास्येला त्या दाराकडे जाणारी पहिली बाई व्हायची कुणाची तयारी नव्हती.

"थर निवायला लागलाय," तस्नीम हलकेच म्हणाली.

हर्षाली ओठ दाबून बसली होती. चांगुणाबायनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली, लुगड्याचा काष्टा सावरला, टमरेल भरून घेतलं, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, देवळात जावं तशा सरळ चालीनं, ओटा ओलांडून निघाली.

"निघाली गो स्वारी!" द्वारकाला राहवलं नाही. "वाजवा रे ताशे!"

ओट्यावर हशा उसळला. काहींनी खरंच पातेल्यावर पळ्यांचा ताल धरला. चांगुणाबायनं मागं न बघता हात हलवला आणि आत जाऊन कडी लावली.

बंधाऱ्यावर उधाणाच्या लाटा आपटत होत्या. आत स्वच्छ ऐकू येत होत्या. तिनं सवयीनं खाली पाहिलं. पायाखालची फरशी कोरडी होती. वर चढत येणारं काही नव्हतं. तिनं डोळे मिटले. बाहेर पळ्या वाजत होत्या आणि इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा अमावास्येला तिच्या पोटाला गाठ नव्हती.

दारावर टकटक झाली.

"आय, लवकर करा ना. मी उभी आहे," हर्षालीचा आवाज.

"आणि तिच्या मागं मी," दुसरा आवाज.

"आणि माझं कलिंगड काय ऐकत नाय गो!" ही द्वारका.

"धीर धरा," चांगुणाबाय आतून म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा ती एवढ्या मोठ्यानं बोलली की सगळ्या ओट्याला ऐकू गेलं. "बाजूची दारं काय देवळात ठेवायला हायेत? जा की!"

*

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर होड्या आल्या, सगळ्या. सुजितनं काठाला लागताना सवयीनं रुमाल नाकावर बांधला होता. तो ओट्यापर्यंत तसाच आला, थांबला, रुमाल खाली ओढून हवा हुंगली.

"आय, अमावास्या काल होती ना?"

"होती की."

संध्याकाळी तस्नीम कोठीशी उभी राहून ऑफिसशी बोलत होती. तोवर सगळं गाव जाऊन आलं होतं, पुरुषसुद्धा. तिनं मोबाइल उंच धरून नुसतं बोटानं दाराकडे दाखवलं. दिवा हिरवा होता. "कोठ्या राहणार!" एवढंच तिला ओरडता आलं, कारण द्वारकानं तिला मिठीच मारली होती.

हर्षाली पायरीवर बसली होती. तांब्या तिच्या हातात होता. ती सगळ्यांसमोर, मान वर करून, घटाघटा पाणी प्यायली. मग तांब्या सासूपुढं धरला.

"अजून द्या," ती म्हणाली.